नाव न घेता सांगितलेली गोष्ट

मला बोलायला फार आवडतं, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं शाळेत शिकवलं. समोरच्यानं तोंड उघडलं की याचं काहीतरी चुकणार आणि ते मलाच दुरुस्त करावं लागणार, असं मला आपोआप वाटतं. निवृत्त झाले आणि दुरुस्त करायला घरात एकच माणूस उरला, आमचे हे. त्यांनी सहा महिने सोसलं. मग ते रोज सकाळी चालायला जायला लागले आणि ते चालणं दोन-दोन तास चालायला लागलं.

त्याच सुमाराला जुन्या पनवेलमध्ये, तळ्याजवळच्या एका शाळेत, दर शनिवारी दुपारी एक वर्ग सुरू होणार असल्याचं कळलं. मनानं खचलेल्या माणसाला पहिला आधार कसा द्यायचा, त्याचं ऐकून कसं घ्यायचं, डॉक्टरकडे केव्हा पाठवायचं, असं दहा शनिवार शिकवणार होते. मी म्हटलं, हे तर मला येतंच, प्रमाणपत्र तेवढं घेऊन येऊ. ह्यांनी पेपर खाली न घेता विचारलं, "ऐकायचं शिकवणार आहेत ना? मग नक्की जा."

खांदा कॉलनीतून शेअर रिक्षानं मी पहिल्या शनिवारी पंधरा मिनिटं आधीच पोचले आणि पहिल्या बाकावर बसले. सवय हो, दुसरं काय. शिकवणाऱ्या ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. आवाज इतका हळू की मला वाटलं, ही बाई शेवटच्या बाकापर्यंत पोचायची नाही. पण सगळे कान देऊन ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी साध्या साध्या गोष्टी सांगितल्या. अगदी समोरासमोर बसू नका, जरा तिरकं बसा. समोरचा गप्प झाला तर तुम्हीही गप्प राहा, ती जागा भरायची घाई करू नका. "काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल," हे वाक्य दहा आठवडे विसरा. आणि सल्ला द्यायचा नाही. मी वहीत हे सगळं नीट लिहून घेतलं, लाल पेनानं अधोरेखितही केलं.

तिसऱ्या शनिवारी सराव सुरू झाला. तिघातिघांचे गट. एकानं आपली अडचण बोलायची, एकानं ऐकायची, एकानं बघून टिपायचं. अडचण कशी आणायची तेही ताईंनी समजावलं. स्वतःचीच आणायची, खरी आणायची, पण लहान. दहापैकी दहा जड नको, तीन-चार इतकीच. आणि दुसऱ्याची गोष्ट इथे आणायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. वर्गातल्या हुशार मुली डोलावतात तशी.

माझ्या गटात एक अंगणवाडी सेविका होती, तिशीच्या आतबाहेरची, खाडीकडच्या एका गावातून यायची. दुसरी एक कॉलेजातली मुलगी. त्या मुलीनं सांगायचं होतं, मी ऐकायचं होतं. ती म्हणाली, मैत्रीण हल्ली फोन उचलत नाही. झालं. मी तिला सांगितलं की आधी तिच्या घरी जा, मग म्हटलं नको, आधी एक चिठ्ठी लिही, मग म्हटलं, अगं तुझंच काही चुकलंय का ते आठवून बघ. घंटा वाजली तेव्हा सेविकेनं कागदाकडे बघत सांगितलं, "बाई, चार मिनिटांत तुम्ही सात सल्ले दिलेत. आणि ती बोलली तीन वाक्यं."

सगळे हसले. ताईही हसल्या, मीही हसले. पण नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! तीस वर्षं मी मुलांच्या चुका मोजल्या आणि आता ही अंगणवाडीतली पोरगी माझ्या मोजतेय. रिक्षात बसून मी ठरवलं की हिला एकदा दाखवायचंच. पुढे जे झालं त्याची सुरुवात इथेच आहे. माझ्या डोक्यात तेव्हा कुणाला मदत करायचं नव्हतंच, मला पहिला नंबर हवा होता.

आमच्याकडे बुधवारी आणि शुक्रवारी एक मावशी मासळी घेऊन यायच्या. इथे थोडं थांबून सांगते, की त्यांचं गाव मी लिहिणार नाही, आणि आणखीही दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत. कोणत्या ते विचारू नका. ही अक्कल मला उशिरा आली. तर या मावशी दारात पाटी उतरवायच्या, उंबऱ्याशी फतकल मारून बसायच्या आणि मासळी साफ करता करता दुनियेभरचं बोलायच्या. उलव्याकडे डंपरनं रस्ता कसा खाल्लाय, खाडीत आता बोईट मासा कसा मिळत नाही, कुणाच्या हळदीला किती मोठा बँड होता. मी मध्येमध्ये त्यांचं मराठी सुधारायचे आणि त्या माझी मासळीची पारख. "बाई, हा काल्चा हाय, हा नको तुमाला," म्हणून स्वतःच्याच पाटीतला मासा बाजूला करायच्या. आठ-नऊ वर्षांचा लोभ होता.

चौथ्या शनिवारच्या आधीचा बुधवार. मावशी आल्या, पाटी उतरवली आणि बोलल्याच नाहीत. मांदेली साफ करत राहिल्या. एरवी मी लगेच, "काय झालं मावशी? पाय दुखतायत का? मी सांगितलेलं तेल लावलंत का?" असं सुरू केलं असतं. त्या दिवशी मात्र वर्गातलं आठवलं. मी आतून पाट आणला, त्यांच्या बाजूला जरा तिरका टाकला आणि त्यावर बसले. गप्प बसले. माझा जीव नुसता वरखाली होत होता, जिभेवर दहा प्रश्न येऊन बसले होते, पण बसले.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "सुनेचा काय खरा नाय, बाई."

त्यांच्या सुनेला तीन महिन्यांची मुलगी. पहिलीच. सून बारावी शिकलेली, शांत, मावशींना तिचं भारी कौतुक. मुलगा बंदरात कामाला, पाळ्या कधी दिवसाच्या कधी रात्रीच्या. पाचवीची पूजा झाली, बारसं थाटात झालं, आणि त्यानंतर कधीतरी सून रडायला लागली. मावशींनी खूप विचारल्यावर तिनं सांगितलं, की बाळाला घेतलं की डोळ्यांपुढे येतं, मी हिला खाडीत टाकतेय. टाकायचं नाही, टाकावंसं वाटत नाही, पण दिसतं. दिवसातून वीस वेळा दिसतं.

"मी बाजारात निगाली का ती पोरीला झोलीत ठेवते," मावशी सांगत होत्या, "आन आपून ओट्यावर येऊन बसते. हात असे मांडीखाली दाबून. मी म्हन्ला, असा काय बसतेस गो? तर म्हन्ते, आई, हातांचा भरवसा नाय. पोर रडली का धावत जाते, पाजते, परत झोलीत ठेवते, आन परत येऊन हातांवर बसते. बाई, तिचे हात सुजलेत."

मला रडू आलं. मी ते थांबवलंही नाही. सल्ला दिला नाही, "वेडी आहे का ती" म्हटलं नाही, "देवाचं बघा" म्हटलं नाही. "तुम्हाला तिची भीती वाटते, आणि तिच्याबद्दल वाईटही वाटतं," एवढंच म्हटलं. मावशींनी तोंडाला पदर लावला. "देवाला सांगितला आन तुमाला," म्हणाल्या, "तिसऱ्याला नाय. बाहेर कळला तर पोरीला जगू देनार नाय कोनी."

मग मी त्यांना वर्गात शिकवलेलं सांगितलं, की बाळंतपणानंतर असं होऊ शकतं, याचे डॉक्टर असतात, सरकारी दवाखान्यातही असतात. मावशींनी खूप विचार केला आणि पुढच्या गुरुवारनंतरचा गुरुवार ठरवला. त्या दिवशी मुलाला सुट्टी होती. मी सोबत यायचं कबूल केलं. त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून, खरं सांगते, स्वतःवर खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं ऐकलं होतं. इतकं छान ऐकलं होतं आणि ते बघायला, टिपायला तिथे कोणी नव्हतं. हेच मला डाचत राहिलं.

चौथा शनिवार कसाबसा गेला. पाचव्या शनिवारी सांगायची पाळी माझी होती, ऐकायची सेविकेची. स्वतःची तीन-चार जड अडचण आणायची होती. माझ्याकडे होती की! मला आता कोणी काही विचारत नाही. सकाळी उठल्यावर दिवसाचं काय करायचं ते सुचत नाही. मुलगी फोनवर, "आई, मी नंतर बोलते" म्हणते आणि नंतर बोलत नाही. पण हे त्या दोघींसमोर बोलायचं? तेही सात सल्ल्यांनंतर? डोळ्यांत पाणीबिणी आलं तर? छे. मी म्हटलं, "माझी स्वतःची नाही, पण माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची सांगते. मला तिचा फार त्रास होतोय, म्हणजे तशी माझीच झाली ना." ताई तेव्हा दुसऱ्या गटाशी बोलत होत्या.

मी नाव घेतलं नाही. मासळीवालीची भाजीवाली केली. गाव खाडीवरून उचलून डोंगराकडे नेऊन ठेवलं, खाडीची विहीर केली, बाळ तीन महिन्यांचं आठ महिन्यांचं केलं. एवढी काळजी घेतली! पण हात ठेवले. मांडीखाली दाबलेले ते हात मला सोडवेनात. कारण ते सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो, हे मला माहीत होतं. वर्गात गोष्ट सांगताना मुलं कुठे श्वास धरतात ते शिक्षकाला बरोबर कळतं. मी तिथे थांबले, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "ती ओट्यावर हातांवर बसते हो. दिवसभर."

कॉलेजातल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. सेविकेचा चेहरा बदलला. मला वाटलं, जिंकले. तिनं मला एकच प्रश्न विचारला, "अजून तशीच बसते?" मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. मला वाटलं, गप्प बसायचा सराव करतेय.

त्या बुधवारी मावशी आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. मधल्या गुरुवारी, म्हणजे दवाखान्यात जायच्या दिवशी, मी साडी नेसून नऊ वाजल्यापासून बसले होते. फोन लागत नव्हता. हे म्हणाले, "सवड झाली नसेल." मलाही तेच वाटून घ्यायचं होतं.

पुढच्या बुधवारी त्या आल्या. पाटी नव्हती. केस विंचरलेले नव्हते. उंबऱ्याशी बसल्या आणि भडाभडा रडायलाच लागल्या. रविवारी संध्याकाळी आळीतल्या चार बायका घरात आल्या. बाळाला आजीजवळच ठेवा, आईजवळ देऊ नका, असं म्हणायला लागल्या. सोमवारी ती गोष्ट आळीभर झाली, आणि होता होता तिचं पार वेगळंच झालं. पहिली मुलगी झाली म्हणून सून तिला खाडीत टाकायला निघाली होती, सासूनं हात धरला म्हणून वाचली. मंगळवारी मुलाचे काका आले, भावकीतली माणसं आली. सुनेला त्यांनी माहेरी धाडलं. बाळ सुकापूरला, मावशींच्या मोठ्या मुलीकडे ठेवलं. सून गाडीच्या दारापर्यंत नुसती एवढंच म्हणत होती, "मी नाय काय केलं. आई, तुमी सांगा ना यांना." आणि मावशींना चार पुरुषांपुढे काही बोलताच आलं नाही.

"कोनी सांगितला असंल, बाई?" मावशी मला विचारत होत्या. "मी देवाला सांगितला आन तुमाला. देवलात बोललेला कोनी ऐकला काय? मी झोपेत बडबडली काय? माझाच तोंड फुटला असंल कुठंतरी. मीच मारली तिला."

तेव्हाच मला कळलं होतं. "अजून तशीच बसते?" हा प्रश्न कानात वाजला आणि मला सगळं कळलं.

आणि मी काय केलं? मी पाट घेतला, तिरका टाकला, त्यावर बसले. मावशी गप्प झाल्या तेव्हा गप्प राहिले. "तुम्हाला वाटतंय की तुमच्याच हातून झालं," असं त्यांचंच वाक्य त्यांना परत दिलं. पाणी आणून दिलं. पाठीवर हात ठेवला. पाऊण तास मी इतकं सुरेख ऐकलं की ताईंनी बघितलं असतं तर दहापैकी दहा दिले असते. प्रत्येक शांततेत एकच वाक्य बसत होतं, "मावशी, मी सांगितलं." ते मी गिळत होते आणि वर तोंडावर माया ठेवत होते. जाताना मावशींनी माझे हात हातात घेतले. "तुमच्याशी बोल्ला का बरा वाटतं," म्हणाल्या. त्या जिन्यानं खाली गेल्या आणि मी दार लावून तिथेच खाली बसले. असली नीच बाई मी असेन, असं मला वाटलं नव्हतं.

ह्यांना सांगितलं. वाटलं, हे म्हणतील, जाऊ दे, तू नाव कुठे घेतलंस. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि ती मावशी स्वतःला दोष देत बसली आहे?" आणि चपला घालून चालायला निघून गेले. मला बोलून घेतलं असतं तरी चाललं असतं.

शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी सेविकेला जिन्यात गाठलं. खोटं कशाला सांगू, भांडायलाच गेले होते. म्हटलं, "इथलं बाहेर न्यायचं नाही, हे तुला माहीत नाही?" ती गोरीमोरी झाली. तिच्या आत्याचं घर त्याच ओट्यासमोर होतं. आत्याकडे जाता-येता तिनं त्या सुनेला तसं बसलेलं दहा वेळा पाहिलं होतं. थंडी वाजत असेल, नाहीतर सवय असेल, असं तिला वाटायचं. "तुम्ही हात म्हणालात आणि मला तीच डोळ्यांपुढे दिसली," ती म्हणाली. "ते बाळ माझ्या अंगणवाडीच्या यादीत आहे, बाई. त्याचं वजन मी करते. मी आत्याला एवढंच सांगितलं, की जरा लक्ष ठेव. शपथ. चूक झाली माझी. मी ताईंना विचारायला हवं होतं." मग तिनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "मी बाळासाठी सांगितलं. तुम्ही कशासाठी सांगितलंत?"

मला उत्तर माहीत होतं. ते मी तिला दिलं नाही. आज इथे देते. मी तिच्यावर छाप पाडायला सांगितलं.

मनात एक वकीलही बसला होता माझ्या. तो म्हणायचा, जिवाला धोका असेल तर गोष्ट गुपित ठेवायची नसते, असं वर्गातच शिकवलंय की. खरंच शिकवलं होतं. पण तसं वाटत असतं तर मी बुधवारीच ताईंना फोन केला असता, चार लोकांत गोष्ट रंगवून सांगितली नसती. धोका आहे की नाही, हे विचारायचे नीट प्रश्न असतात. ते आम्हाला सातव्या शनिवारी शिकवणार होते. मला तेवढा धीर नव्हता.

ताईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझं ऐकताना ना मान डोलावली, ना माझं वाक्य परत दिलं. पहिल्यांदा त्यांचा आवाज मोठा झालेला ऐकला. "दुसऱ्याची गोष्ट आणायची नाही, हे मी दोनदा सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमचं नंतर बघू. आधी त्या मुलीला डॉक्टर आणि तिचं बाळ, दोन्ही मिळायला हवं. पण मावशींना कुणी सांगितलं ते तुम्हालाच सांगावं लागेल. माझ्याबरोबर नाही. एकट्यानं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. आठ-नऊ वर्षांत कधी गेले नव्हते. मावशी मागच्या दारी जाळं पसरून बसल्या होत्या. मला बघून इतक्या आनंदल्या, की पोहे करते म्हणून उठायलाच लागल्या. मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि उभ्यानंच सांगितलं. कुठे बोलले, कुणापुढे बोलले, कशासाठी बोलले. काही झाकलं नाही. बुधवारी माझ्या दारात तुम्ही रडत होतात तेव्हाही मला माहीत होतं, हेही सांगितलं. ते मी शेवटी ठेवलं होतं, कारण सगळ्यात वाईट तेच होतं.

मावशी ओरडल्या नाहीत. मला वाटत होतं, शिव्या घालतील, त्यांच्या तोंडाला कोणी लागत नाही असं सगळं मार्केट म्हणायचं. त्या जाळ्याकडे बघत होत्या. मग एवढंच बोलल्या, "म्हंजे माझा तोंड नाय फुटला." आणि मोठा श्वास सोडला. दोन आठवडे ती बाई ते ओझं घेऊन बसली होती, आणि त्यातले चार दिवस माझ्या गप्प बसण्यामुळे.

"जा तुमी आता," त्या म्हणाल्या. पोहे झाले नाहीत.

पुढचं ताईंनी केलं. सुनेच्या माहेरी त्या स्वतः गेल्या, तिला डॉक्टरांकडे नेलं. मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसायचे, कारण सुनेनं मला आत येऊ दिलं नाही. बरोबरच केलं. नंतर डॉक्टरांनी नवऱ्याला, काकांना, भावकीतल्या दोघांना बोलावून घेतलं आणि समजावलं. असे विचार आईला येतात, ते नको असतात म्हणून तर ती एवढी घाबरते, तुमची सून बाळाला मारायला निघाली नव्हती, बाळाला काही होऊ नये म्हणून स्वतःचे हात बांधून बसली होती. काकांना पहिल्या भेटीत पटलं नाही. दुसऱ्या भेटीत ते म्हणाले, बघू. तिसऱ्या भेटीला आलेच नाहीत. या सगळ्यात अडीच महिने गेले. बाळ सुकापूरला, आई माहेरी. सेविका आठवड्याला सुकापूरला जाऊन बाळाचं वजन करायची आणि सुनेला फोनवर सांगायची. तिनं तिच्या चुकीची तेवढी भरपाई केली. मी काय केलं म्हणाल, तर बाकावर बसले.

शेवटी नवराच उठला. इतके दिवस तोंडातून शब्द न काढणारा तो मुलगा एका सकाळी पाळी संपवून थेट सुकापूरला गेला, बाळाला घेतलं, बायकोला माहेराहून आणलं, आणि काकांना म्हणाला, माझं घर आहे. औषध चालू होतं, ताईंकडे जाणं चालू होतं. तिला अजूनही कधीकधी ते दिसतं, पण आता ते काय आहे हे तिला ठाऊक आहे, असं ताईंनी मला सांगितलं. सांगितलं म्हणजे सुनेला विचारून सांगितलं.

वर्ग मी पुरा केला. प्रमाणपत्र मात्र मी आणायला गेले नाही. मावशी अजून येतात. मासळी चांगलीच देतात, शिळं काढून बाजूला ठेवतात. मी विचारते, "घरी कसं आहे?" त्या म्हणतात, "बरा हाय." सुरी चालू राहते. पाट मी आता आणत नाही.

हे लिहायचं मनात आलं तेव्हा आधी विचारायचं ठरवलं. या खेपेला मावशींना नाही, जिची गोष्ट आहे तिला. मावशींच्या हाती निरोप पाठवला, येऊ का म्हणून. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, या.

सून आतल्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ आता चांगलं गुटगुटीत झालंय. तिच्या हातात बाटली होती. बाळ दोन घोट घ्यायचं, बाटली सोडून तोंड तिच्या छातीकडे न्यायचं, चिडायचं, मग परत बाटली. मी तिची माफी मागितली. समोरासमोर पहिल्यांदाच. मग विचारलं, की मी काय केलं ते मला लिहायचंय, तुझं नाव, गाव येणार नाही, पण तू नको म्हणालीस तर एक ओळही लिहिणार नाही.

बाळाच्या हनुवटीवर ओघळलेलं दूध तिनं पदरानं टिपलं.

"लिहा," ती म्हणाली. "पण पोर अडीच महिने तिकडे होती तेवढ्यात माझं दूध आटलं. ते पण लिहा."